रंग कापडात किती आणि नाल्यात किती?

कापडाच्या रंगाईमुळे होणाऱ्या प्रदूषणावर मागील अंकात लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये कारखानदार, गृहिणी, विद्यार्थी आणि बचत गटांच्या कार्यकर्त्या अशा सर्वांचे प्रश्न आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमचे छोटे प्रोसेस हाऊस आहे. सुती कापड आम्ही रिॲक्टिव्ह रंगांनी जिगर आणि सॉफ्ट फ्लो मशीनवर रंगवतो. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) बसवूनही सांडपाण्याचा टीडीएस मर्यादेत येत नाही. मोठी गुंतवणूक करणे शक्य नाही. रंग बदलावेत की पद्धत? (एक उद्योजक, इचलकरंजी)

उत्तर : आधी मिठाचा हिशेब मांडून पाहू. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, आणि रंगाईघरात ते बहुतांशी आपणच हाताने ओततो. गडद शेडसाठी लिटरमागे ८० ग्रॅम मीठ घातले आणि सॉफ्ट फ्लोमध्ये किलोभर कापडाला ८ लिटर पाणी घेतले, तर प्रत्येक किलो कापडामागे ६४० ग्रॅम मीठ खर्ची पडते. या मिठातले कापडात काहीही राहत नाही. रंगाच्या त्या पाण्यात लिटरमागे ८०,००० मिलिग्रॅम क्षार असतात आणि बाहेर सोडण्याची मर्यादा आहे २,१०० मिलिग्रॅम. ईटीपीमध्ये तुरटी-चुना घालून रंगाचा गाळ बसवता येतो, जैविक टाकीत सेंद्रिय भार कमी करता येतो, परंतु विरघळलेले मीठ या दोन्ही टप्प्यांतून जसेच्या तसे पुढे जाते. त्यामुळे ईटीपीतून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही शेतात गेल्यावर जमीन चोपण करते. काही जण साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट वापरू लागतात. त्याने यंत्र कमी गंजत असेल, पण टीडीएसच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

आता हे मीठ लागते कशासाठी, ते पाहू. पाण्यात बुडवलेल्या सुताच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि रिॲक्टिव्ह रंगाच्या रेणूवरही ऋणभारच असतो, त्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. मीठ हा विरोध कमी करते आणि रंग धाग्याजवळ येतो. नंतर सोडा घातला की रंगाचा धाग्याशी रासायनिक बंध जुळतो. अडचण अशी की रंगाला धागा आणि पाणी यांत भेद करता येत नाही, त्यामुळे त्याचा काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो. जुन्या, धाग्याशी बंध जोडणारा एकच क्रियाशील गट रेणूत असलेल्या रंगांत साधारणपणे ६० ते ७० टक्केच रंग कापडात बसतो. उरलेला धुवून काढावाच लागतो, नाहीतर ग्राहकाच्या बादलीत तो सुटतो. दोन क्रियाशील गट असलेल्या रंगांत बसणारे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे जाते आणि त्यांतील काहींना मीठही कमी लागते. किलोचा भाव पाहिला तर हे रंग महाग वाटतात. परंतु वाया गेलेला रंग, धुण्याचे पाणी, वाफ आणि गाळाची विल्हेवाट हे सगळे खर्च एकत्र धरल्यास चित्र बहुधा उलटे दिसते. माझ्या अनुभवात खरेदी विभाग आणि ईटीपी विभाग यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत असल्यामुळे ही बेरीज कोणी करतच नाही.

जिगर वापरता म्हणजे तुम्ही मागावर विणलेले कापड रंगवता, म्हणून तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाची पद्धत म्हणजे कोल्ड पॅड बॅच. यात रंग आणि खार (सोड्यासारखा अल्कली) यांचे मिश्रण असलेल्या छोट्या कुंडातून कापड नेऊन रोलरांत पिळतात, तेव्हा ते आपल्या वजनाच्या ७० ते ८० टक्के एवढेच द्रावण उचलते. मग ते रुळावर गुंडाळून वर प्लॅस्टिक लपेटून रंगाच्या जातीप्रमाणे ८ ते २४ तास फिरत ठेवतात आणि शेवटी धुतात. यात मीठ अजिबात लागत नाही आणि रंग बसवण्यासाठी वाफही लागत नाही. चांगला पॅडिंग मँगल (कापड पिळणारे रोलर), रंग व खार ऐनवेळी ठरावीक प्रमाणात मिसळणारा डोसिंग पंप आणि फिरते रूळ एवढी सामग्री पुरते. धुलाई तुमच्या सध्याच्या जिगरवर होऊ शकेल. पद्धतीच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कापडाची पूर्वतयारी सर्वत्र सारखी झालेली नसेल तर पट्टे उमटतात. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी आणि पहाटे तापमानात मोठा फरक पडत असेल तर रंगाची छटा बदलते. अगदी लहान लॉटना ही पद्धत परवडत नाही. तरीही मध्यम लांबीचे लॉट तिच्याकडे वळवले तरी तुमच्या टाकीत जाणारे मीठ पहिल्याच महिन्यात घटलेले दिसेल.

जे लॉट सॉफ्ट फ्लोवरच राहतील त्यांच्यासाठी पाण्याचे प्रमाण घटवणे हा पहिला उपाय, कारण मीठ लिटरच्या हिशेबाने पडते. ब्लीचनंतर कापडात उरलेले पेरॉक्साइड घालवण्यासाठी दोन-तीन गरम धुण्या करण्याऐवजी कॅटलेज हे एन्झाइम वापरल्यास एका पाण्यात काम भागते. शेवटच्या धुण्याचे तुलनेने स्वच्छ पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरण्यासाठी तर एक टाकी आणि एक पंप पुरेसा असतो. सुताला रसायनाने धनभार देऊन मिठाशिवाय रंगवण्याची पद्धतही सुचवली जाते. मात्र त्यासाठीचे रसायन खाराच्या सान्निध्यात विषारी रूप घेते, त्यामुळे हाताळणीची कडक शिस्त नसलेल्या ठिकाणी मी तिची शिफारस करणार नाही.

तमिळनाडूतील तिरुप्पूरचे उदाहरण आपल्या भागातील प्रत्येक रंगाईवाल्याने अभ्यासण्यासारखे आहे. तेथील रंगाईघरांच्या खारट पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्यावरील ओरतुपाळयम धरण निकामी झाले, शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पूर्ण होईपर्यंत रंगाईघरे बंद करण्याचा आदेश दिला. शेकडो युनिटे थांबली. त्यानंतर पाणी गाळणारे पडदे आणि बाष्पीकरणाची यंत्रणा उभारून तेथे पाणी आणि मीठ परत वापरले जाऊ लागले. तांत्रिकदृष्ट्या ही कामगिरी मोठी आहे. तथापि पाणी आटवण्यासाठी प्रचंड इंधन लागते आणि अखेरीस उरणाऱ्या मिश्र क्षारांचे ढीग कोठे ठेवायचे, हा प्रश्न राहतोच. पंचगंगेच्या काठी ती वेळ येण्याआधी मीठ पाण्यात पडूच न देणे जास्त स्वस्त आहे.

प्रश्न : लहान मुलांच्या कपड्यांवर ‘अझो-फ्री’ असे छापलेले असते. म्हणजे इतर कपड्यांचे रंग कर्करोगकारक असतात का? (ठाणे)

उत्तर : नाही. कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग अझो कुळातील आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर कोणतीही बंदी नाही. धोका आहे तो या कुळातील ठरावीक रंगांचा. ते विघटन पावले असता बेंझिडीनसारखी ॲरोमॅटिक अमाइन गटातील रसायने बाहेर पडतात आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर निर्बंध आणले तेव्हा भारतीय निर्यातदारांची तारांबळ उडाली होती. आपल्याकडे १९९३ मध्ये बेंझिडीनवर आधारित ४२ रंगांवर आणि १९९७ मध्ये आणखी ७० अझो रंगांवर, अशी एकूण ११२ रंगांवर बंदी आली. युरोपात अशा २२ अमाइनांची यादी असून कापडात त्यांपैकी प्रत्येकाचे प्रमाण किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते.

म्हणून चिठ्ठीवरील त्या दोन शब्दांचा व्यवहारातील अर्थ ‘बंदी असलेले अमाइन सोडणारे रंग वापरलेले नाहीत’ एवढाच घ्यावा. त्या चिठ्ठीमागे प्रयोगशाळेचा अहवाल आहे की नुसता छापखाना आहे, हे मात्र विचारावे. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० या प्रमाणपत्रात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी वेगळा वर्ग आहे आणि त्यात फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन जवळजवळ नसल्यातच जमा असावे लागते. बाळाच्या कपड्यासाठी मी ‘अझो-फ्री’पेक्षा या वर्गाचा उल्लेख आणि प्रमाणपत्राचा क्रमांक शोधीन.

प्रश्न : ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी झालेली कुत्री आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीत गुलाबी झालेला रस्ता आम्ही पाहिला. तेच रंग आपण अंगावर घालतो का? (पनवेल)

उत्तर : या दोन्ही घटना औद्योगिक वसाहतींतील रसायनांच्या आहेत. तेथे रंगद्रव्य सुट्या भुकटीच्या किंवा द्रावणाच्या रूपात मोकळे झाले होते, तर कापडात ते धाग्याशी बांधलेले असते. त्यामुळे अंगावरच्या कपड्याचा आणि तळोज्यातील कसाडी नदीचा धोका एका मापाने मोजता येत नाही. परंतु रंगभुकटी वजन करून बादलीत कालवणारा कामगार हा त्या सुट्या भुकटीच्या सर्वांत जवळ असतो, आणि रिॲक्टिव्ह रंगांची धूळ नाकात जाऊन दमा जडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. सुरक्षित रंगांच्या चर्चेत ग्राहकाच्या त्वचेइतकाच विचार या माणसाच्या फुप्फुसाचा व्हायला हवा. धूळ न उडणारे दाणेदार किंवा द्रवरूप रंग बाजारात मिळतात. ते घ्यावेत आणि वजनकाट्याच्या खोलीत हवा खेचणारा पंखा लावावा.

प्रश्न : आमच्या बचत गटाला नैसर्गिक रंगांच्या ओढण्या आणि स्टोल करायचे आहेत. हिरडा, कात, डाळिंबाची साल, झेंडू हे सगळे आमच्याकडे मिळते. प्रशिक्षकांनी रंग पक्का करण्यासाठी मोरचूद सांगितले आहे. ते योग्य आहे का? शिवाय हे रंग सर्व दृष्टींनी सुरक्षित आहेत असे आम्ही ग्राहकांना सांगू शकतो का? (चिपळूण)

उत्तर : मोरचूद वापरू नये, आणि कोणी पोटॅशियम डायक्रोमेट सुचवले तर त्याला हातही लावू नये. मोरचुदातील तांबे ओढ्यातील जलचरांना घातक असते आणि डायक्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगकारक आहे. रंग झाडापासून आला म्हणून त्याच्यासोबत घातलेला धातू निरुपद्रवी ठरत नाही. तुम्हाला पक्केपणासाठी तुरटी आणि गडद छटांसाठी थोडे हिराकस (लोखंडाचा क्षार) एवढ्यावर उत्तम काम करता येईल.

सुती कापडावर तुरटी एकटी नीट धरत नाही. रेशीम आणि लोकर यांच्यातील प्रथिने तिला पकडतात, सुतात ती सोय नसते. म्हणूनच आपल्याकडचे जुने रंगारी आधी हिरड्याचे पाणी देत आले. हिरड्यातील टॅनिन सुताला चिकटते, तुरटीतील ॲल्युमिनियम टॅनिनला आणि रंग ॲल्युमिनियमला. सुरुवात अशी करावी : कापडातील खळ सोड्याच्या पाण्यात उकळून पूर्ण काढावी. त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब लगेच जिरला नाही तर पुन्हा उकळावे. नंतर कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के हिरड्याची पूड रात्रभर भिजवून त्या पाण्यात कापड बुडवावे आणि पिळून, न धुता सावलीत वाळवावे. त्याचा रंग फिकट बदामी-पिवळा होतो. मग १० ते १५ टक्के तुरटीच्या कोमट पाण्यात ते घोळवून दुसऱ्या दिवसापर्यंत मुरू द्यावे, एकदा हलकेच विसळावे आणि नंतरच रंगाच्या पाण्यात घालावे. या सर्वासाठी स्टेनलेस स्टीलची वेगळी भांडी ठेवावीत. लोखंडी कढईत केलेला झेंडूचा पिवळा हमखास शेवाळी निघतो. बोअरचे पाणी जड असेल तर छटा बदलते, म्हणून शक्यतो एकाच विहिरीचे पाणी वापरावे.

हिरड्याच्या कापडावर हिराकसाचे सौम्य द्रावण दिले की राखाडीपासून काळ्यापर्यंत छटा मिळतात. राजस्थानातील बगरू आणि कच्छमधील अजरख छापणारे कारागीर हेच काम भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून करतात. मडक्यावर फेस येऊन तो बसला की पाणी तयार झाले असे समजतात. लोखंडाचे प्रमाण मात्र बेताचे ठेवावे, कारण जादा लोखंडाने सुती धागा काही वर्षांत विरतो.

तुमच्या यादीतील डाळिंबाची साल सर्वांत भरवशाची. तिच्यात स्वतःचेच टॅनिन असल्याने पिवळा ते मेहंदी रंग चांगला टिकतो, आणि सोलापूर-नाशिक पट्ट्यात ही साल टाकाऊ म्हणून मिळते. काताचा तपकिरी रंग धुण्याला पक्का आहे. मात्र कात ज्यापासून काढतात त्या खैराची तोड कायदेशीर परवान्याची आहे ना, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे, कारण बेकायदा खैरतोडीवर ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी शोभत नाही. झेंडूसाठी मंदिरांतील निर्माल्य वापरता येते. मुंबईत सिद्धिविनायक मंदिरातील फुलांपासून कापड रंगवण्याचे काम झालेले आहे. हळदीचा मोह टाळावा. पहिल्या दिवशी तिच्यासारखा पिवळा दुसऱ्या कशाचाच येत नाही आणि महिनाभर उन्हात वाळवल्यावर तिच्याइतका केविलवाणाही दुसरा कोणताच दिसत नाही.

राहिला ग्राहकांना काय सांगायचे हा भाग. मध्यम छटेसाठी कृत्रिम रंग कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के लागतो, तर साल किंवा फुले बऱ्याचदा कापडाच्या वजनाइतकी लागतात आणि ती उकळण्यासाठी इंधनही लागते. चुलीवर जंगलाचे लाकूड जाळून केलेला रंग सर्व दृष्टींनी सुरक्षित म्हणता येणार नाही. तुरटीचे पाणी एकदाच वापरून ओतू नये. त्यात थोडी तुरटी वाढवून ते पुन्हा दोन-तीन वेळा चालते. उरलेला चोथा कंपोस्टला जातो. चिठ्ठीवर वनस्पतीचे नाव, ‘तुरटी वापरली आहे, तांबे व क्रोमियम वापरलेले नाही’ आणि ‘सावलीत वाळवावे’ एवढे लिहिले तर ते खरेही ठरेल आणि जाणत्या ग्राहकाला पुरेसेही होईल.

प्रश्न : नैसर्गिक नीळ आणि कारखान्यातील नीळ यांत फरक असतो का? (कोल्हापूर)

उत्तर : रंग देणारा मुख्य रेणू दोन्हींत एकच आहे. कारखान्यातील नीळ १८९७ मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत भारतातील निळीची शेती कोसळली. कृत्रिम नीळ ॲनिलिनपासून सुरू होते आणि त्याचा अल्प अंश तीत राहू शकतो. वनस्पतीच्या निळीत मातीपासून इतर रंगद्रव्यांपर्यंत बरेच काही असते, म्हणून तिची छटा थोडी खोल वाटते.

पण मुख्य घोळ निळीत नसून तिला विरघळवणाऱ्या पदार्थात आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट रासायनिक क्रिया) करून पिवळसर-हिरवे द्रावण बनवावे लागते, त्यात बुडवलेले सूत बाहेर काढल्यावर हवेने निळे होते. या क्षपणासाठी कारखाने आणि बरेचसे हातकाम करणारेही ‘हायड्रो’ (सोडियम हायड्रोसल्फाइट) वापरतात. त्याच्या विघटनातून तयार होणारे सल्फाइट व सल्फेट क्षार पाण्यातील प्राणवायू ओढतात आणि पाइप खातात. त्यामुळे वनस्पतीची नीळ हायड्रोच्या पिंपात कालवून ‘शुद्ध नैसर्गिक’ म्हणून विकणे हा प्रकार मला पटत नाही. दक्षिण भारतात निळीचे रांजण चुना आणि टाकळ्याच्या बियांनी आंबवत असत. हा तोच टाकळा, ज्याची भाजी आपण पावसाळ्यात खातो. चुना आणि फळसाखर वापरून केलेला रांजणही चांगला चालतो आणि काही तासांत तयार होतो. मोठ्या कारखान्यांसाठी आधीच क्षपण केलेली द्रवरूप नीळ मिळते आणि विजेच्या साहाय्याने क्षपण करण्याची पद्धतही विकसित झाली आहे. या दोन्हींत हायड्रो बरेच कमी लागते.

प्रश्न : मी टी-शर्ट छपाईचा छोटा व्यवसाय सुरू करत आहे. प्लॅस्टिसॉल, पाण्यावर आधारित शाई, डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर चिकटवणे) आणि सब्लिमेशन यांपैकी कमी घातक कोणते? डिजिटल छपाई म्हणजे प्रदूषणमुक्त असे मशीनवाले सांगतात. (नाशिक)

उत्तर : मशीनवाल्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डिजिटल छपाईत स्क्रीन धुवावी लागत नाही आणि उरलेली पेस्ट फेकावी लागत नाही, ही बचत मोठी आहे. मात्र रिॲक्टिव्ह शाईने सुती कापडावर छापायचे असेल तर कापडाला आधी सोडा, युरिया आणि गम यांचा लेप द्यावा लागतो आणि छपाईनंतर वाफवून धुवावेही लागते. त्या धुण्यातून सगळा युरिया बाहेर पडतो. नाल्यात तो खताचे काम करतो आणि जलपर्णी फोफावते.

सब्लिमेशनमध्ये कागदावरचे चित्र सुमारे २०० अंश सेल्सिअसला अर्ध्या-पाऊण मिनिटात कापडावर उतरते आणि धुण्याची गरजच पडत नाही. पाण्याच्या दृष्टीने तुमच्या यादीत हे सर्वांत स्वच्छ, परंतु ते पॉलिएस्टरवरच चालते. सुती बनियनवर चालते असे कोणी सांगितले तर त्यावर आधी पॉलिएस्टरचा लेप दिलेला आहे असे समजावे.

प्लॅस्टिसॉल म्हणजे मऊ करणाऱ्या तेलकट द्रवात कालवलेले पीव्हीसी. त्या द्रवात पूर्वी सर्रास थॅलेट ही आरोग्याला घातक रसायने असत. युरोपने त्यांतील चार थॅलेटांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातल्यानंतर थॅलेटमुक्त शाया आल्या, आणि लहान मुलांचे टी-शर्ट छापणार असाल तर पुरवठादाराकडून तसे लेखी घ्यावे. पण पीव्हीसी ते पीव्हीसीच. शिवाय स्क्रीन पुसायला सॉल्व्हंट लागते आणि छोट्या गाळ्यात त्याची वाफ दिवसभर तुम्हीच घेता. डीटीएफमध्ये पाणी लागत नाही, पण फिल्म दर वेळी फेकावी लागते आणि गोंदाची भुकटी वितळताना धूर होतो. बंद खोलीत हे काम करू नये.

सुती टी-शर्टसाठी मी पाण्यावर आधारित पिगमेंट शाई निवडीन. पिगमेंट छपाईत रंग धाग्याशी संयोग पावत नाही, बाइंडरच्या पातळ पापुद्र्याने तो पृष्ठभागावर धरून ठेवलेला असतो. म्हणून धुलाई लागत नाही, पण सुमारे १५० अंशांवर चार-पाच मिनिटे नीट भाजणे अत्यावश्यक असते. या छपाईची जुनी बदनामी दोन कारणांनी आहे. पूर्वी पेस्ट घट्ट करण्यासाठी तीत निम्म्याहून अधिक रॉकेल फेटत असत आणि भाजताना ते सगळे हवेत जाई. नव्या छापील चादरीला येणारा तो वास अनेकांना आठवत असेल. आता कृत्रिम थिकनरमुळे रॉकेलची गरज राहिलेली नाही, तरी काही ठिकाणी सवयीने ते चालूच आहे. दुसरे कारण फॉर्मल्डिहाइड. तो बाइंडर आणि फिक्सरमधून येतो. फॉर्मल्डिहाइडमुक्त बाइंडर मागून घ्यावा, आणि तो घेतल्यावर स्वस्तातला जुना फिक्सर त्यात मिसळून सगळे मुसळ केरात घालू नये. गडद कपड्यावर रंग उडवून नक्षी काढणारी डिस्चार्ज शाई आकर्षक दिसते, पण तिच्यातील रोंगालाइटमधून फॉर्मल्डिहाइडच सुटतो. लहान मुलांच्या कपड्यांसाठी ती टाळलेली बरी.

शेवटची गोष्ट पैशाविना होणारी आहे. स्क्रीन धुण्याआधी तिच्यावरची आणि डब्यातली सगळी पेस्ट रबरी पट्टीने खरवडून झाकणबंद डब्यात ठेवावी. उरलेले सगळे रंग एकत्र करून त्यांत काळा घातला की पुढच्या कामाचा काळा तयार होतो.

प्रश्न : काळी लेगिंग आणि गडद निळे अस्तर असलेला ड्रेस घातला की मांड्यांवर व काखेत पुरळ येते. सुती कपड्याने येत नाही. (पुणे)

उत्तर : पॉलिएस्टर आणि नायलॉन ज्या डिस्पर्स रंगांनी रंगवतात, त्यांपैकी डिस्पर्स ब्ल्यू १०६ आणि १२४ हे त्वचेच्या ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत आणि ते मुख्यतः गडद निळ्या-काळ्या रंगांतच सापडतात. कपडा घट्ट असेल आणि घाम येत असेल तेथेच पुरळ उठते, हे तुमच्या वर्णनाशी जुळते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने खात्री करून देतील. तोपर्यंत अस्तर सुती किंवा फिकट रंगाचे शिवून घ्यावे.

प्रश्न : नवा सुती कुर्ता मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो का? (सातारा)

उत्तर : होत नाही. वर सांगितल्याप्रमाणे सुटणारा रंग हा बहुधा निकामी झालेला, कारखान्यात धुवून काढायचा राहिलेला रंग असतो. मीठ त्याला तात्पुरता धाग्यापाशी रोखते आणि पुढच्या धुण्याला तो पुन्हा सुटतो. कपडा आकसणारा नसेल तर दोन-तीन वेळा वेगळ्या, चांगल्या कोमट पाण्यात साबणाने धुवून तो काढून टाकणेच योग्य.

प्रश्न : आम्ही टेक्स्टाइलचे विद्यार्थी आहोत. पाण्याविना कार्बन डायऑक्साइडमध्ये रंगाई आणि जिवाणूंनी तयार केलेले रंग यांना खरोखर भविष्य आहे का? (नागपूर)

उत्तर : पहिली पद्धत प्रयोगशाळेच्या बाहेर आलेली आहे. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार यांच्या पलीकडे कार्बन डायऑक्साइड धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही. त्या अवस्थेत तो डिस्पर्स रंग विरघळवून पॉलिएस्टरच्या आत पोचवतो. प्रत्यक्ष काम १२० अंश आणि २५० बारच्या आसपास चालते, कापड कोरडेच बाहेर येते आणि बहुतेक वायू परत वापरता येतो. मात्र एवढा दाब सोसणारे यंत्र महाग असते आणि सुतासाठीचे रंग या माध्यमात विरघळत नाहीत. जिवाणूंबाबत इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील संशोधनातून उभ्या राहिलेल्या कंपनीने कापडावर रंग उतरवून दाखवला आहे, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी हायड्रोविना निळीने रंगवण्याचा जैविक मार्ग प्रसिद्ध केला. दिशा चांगली आहे, पण छटा मोजक्या आहेत आणि लाखो मीटरचा टप्पा अजून दूर आहे.

तुम्ही प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर मी वेगळाच सुचवीन. पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोसचा धागा ओढण्याआधीच त्याच्या रसात रंग मिसळण्याची डोप डाइंग ही पद्धत अनेक दशके वापरात आहे. तीत रंगाईचे पाणी जवळजवळ लागतच नाही आणि रंग उन्हाला व धुण्याला अत्यंत पक्का असतो. तिच्या आड येते ती फॅशनची घाई, कारण रंग कित्येक महिने आधी ठरवावा लागतो आणि लॉट मोठा लागतो. शाळेचे गणवेश, अस्तरे, छत्र्या, एसटीच्या आसनांचे कापड यांचे रंग वर्षानुवर्षे बदलत नाहीत. यांपैकी कोणते कापड या पद्धतीकडे वळवता येईल आणि त्याने किती पाणी व मीठ वाचेल, याचा नीट मांडलेला हिशेब मला वाचायला आवडेल.

प्रश्न : आपले कापड तपासून कोठे मिळते आणि काय तपासायला सांगावे? (मालेगाव व इतर)

उत्तर : मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटी, घाटकोपरची बीटीआरए आणि वरळीची सस्मिरा येथे प्रयोगशाळा आहेत. बंदी असलेले अमाइन, फॉर्मल्डिहाइड, कापडाचा पीएच, जड धातू आणि धुणे, घासणे व ऊन यांना रंग किती टिकतो, एवढ्या चाचण्या प्रथम कराव्यात. अंगाला लागणाऱ्या कापडाचा पीएच ४ ते ७.५ यांच्या दरम्यान असावा. तो त्याहून अधिक आला तर सोडा नीट धुतला गेलेला नाही असे समजावे. छापील कापडातील प्रत्येक रंगाचा तुकडा शक्यतो वेगळा द्यावा, कारण खर्च वाचवण्यासाठी तीन-चार रंग एकत्र तपासले तर एकाचा दोष इतरांत विरून मर्यादेखाली दिसू शकतो. पाकिटावर लॉट क्रमांक आणि रंगभुकटीचा बॅच क्रमांक लिहावा. अहवाल प्रतिकूल आल्यास पुरवठादाराशी बोलताना त्या क्रमांकाचाच उपयोग होतो.